आतली

१

"अहो, माझा बाण परत आत अडकला."

योगिताचा असा फोन आला की मी हातातलं काम न सोडता म्हणायचो, "उजवीकडचं कंट्रोल दाब." पलीकडून कळ दाबल्याचा बारीक आवाज यायचा, मग तिचं हसू, आणि फोन बंद. रोजचंच होतं ते. एखाद्या दिवशी फोन नाही आला तर मलाच चुकल्यासारखं व्हायचं.

योगिता माझी बायको. माहेर पोशेऱ्याचं. जव्हारला एसटी डेपोच्या अलीकडे माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, आणि ती बाजारातल्या एका इमारतीत वरच्या मजल्यावर कामाला होती. गावठी बियाणं जपणाऱ्या एका लहानशा संस्थेचं कार्यालय. कुठल्या पाड्यावर कुठलं भात टिकून आहे, कुठली नाचणी, कुणी नेली, कुणी परत आणून दिली, हे ती कॉम्प्युटरवर भरायची. ज्या प्रोग्रॅममध्ये भरायची तो फार जुना, नव्या मशीनवर चालायचाच नाही. आणि जुनं मशीन यंदा पावसाळ्यातल्या ओलीने गेलं.

संस्था बघणारे तुळशीदासभाऊ ते मशीन पोत्यात गुंडाळून माझ्याकडे घेऊन आले. आतली डिस्क शाबूत होती. मी ती जशीच्या तशी उतरवून घेतली आणि नव्या मशीनच्या पोटात बसवली. व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्याला, कॉम्प्युटरच्या आत कॉम्प्युटर. नव्या पडद्यावर एक खिडकी उघडायची आणि त्या खिडकीत तो मेलेला कॉम्प्युटर काही झालंच नाही अशा थाटात सुरू व्हायचा. सुरू होतानाचं त्याचं जुनं गाणंसुद्धा तेच.

"मशीन दोन, पण कीबोर्ड-माऊस एकच," मी योगिताला समजावलं. "खिडकीत क्लिक केलंस की दोन्ही आतल्याचे, माऊसचा बाणही आतच अडकतो. उजवीकडचं कंट्रोल दाबलंस की परत बाहेरच्याचे. एका वेळी एकालाच मिळतात."

"म्हणजे घरात चुली दोन आणि सून एक," ती म्हणाली. "आणि दोन्हीकडून एकदम हाक आली तर?"

"येत नाही. तशी सोयच नाही त्यात."

तिला ते पटलं. त्या खिडकीला ती 'आतली' म्हणायला लागली. आतली सुरू केली, आतली आज दमलीय, असं.

गणपती उठल्यावर एका दुपारी तिचा फोन आला. मी सवयीने म्हटलं, "उजवीकडचं कंट्रोल."

"नाही हो. माझा बाण बाहेरच आहे."

"मग?"

"आत पण एक फिरतोय."

२

दुकानाला कुलूप घालून गेलो. कार्यालय म्हणजे पत्र्याखालची एक लांबट खोली. भिंतीला टेकून राख घातलेली मडकी, दोरीला टांगलेल्या कापडी पिशव्या, आणि सगळीकडे सुकलेल्या निरगुडीचा वास. तुळशीदासभाऊ पाड्यावर गेले होते. योगिता खुर्ची मागे ओढून भिंतीला लागून बसली होती, दोन्ही हात मांडीखाली दाबून.

"मी हात नाही लावला," ती म्हणाली.

बाहेरचा बाण पडद्याच्या कडेला निमूट उभा होता. आतला फिरत होता. भरकटल्यासारखा नव्हे. अक्षरओळख नसलेलं माणूस पाटीवरून बोट फिरवतं तसा, सावकाश. एका चित्रापाशी थांबायचा, मग दुसऱ्यापाशी. काही उघडत नव्हता.

मी माऊसची वायर उपटली. आतला बाण थबकला, मग उरलेलं अंतर चालून कोपऱ्यात जाऊन उभा राहिला.

माझं डोकं लगेच कामाला लागलं, तेच माझं पोट आहे. बाहेरून कुणी शिरलंय म्हणावं तर आतल्या मशीनला इंटरनेट जोडलेलंच नव्हतं. ते मीच बंद ठेवलं होतं. मग दोन मशीनमध्ये माऊस वाटून देणारा जो छोटा प्रोग्रॅम असतो, ड्रायव्हर, तोच बिघडला असणार. जुनी हालचाल साठवून ठेवत असेल आणि मागाहून सोडत असेल. असं होतं. निदान होऊ शकतं. मी तो प्रोग्रॅम काढून नव्याने टाकला, मशीन बंद करून चालू केलं. बाण एकच राहिला. मी वळून तिच्याकडे ऐटीत पाहिलं.

"ड्रायव्हरची भानगड होती."

"बरं," ती म्हणाली. जिना उतरताना पुन्हा बोलली, "मला वाटलं, ती शिकतेय."

"कोण ती?"

"खिडकी हो," ती म्हणाली आणि माझ्या पुढे चालायला लागली.

३

घरी आम्ही दोघंच. दोन खोल्या, मागे मोरी, आणि मोरीच्या खिडकीतून दरीकडचा उतार दिसतो. सकाळी धुकं तिथून वर येतं आणि खिडकीशी थांबतं.

तिच्या हातात काही तरी आहे हे मला जेवताना दिसलं. ती डाव्या हाताने मला आमटी वाढत होती. उजवा हात ताटाशेजारी पालथा होता आणि त्याचं पहिलं बोट जमिनीवर टकटक करत होतं. दोनदा. मग हात थोडा सरकायचा. पुन्हा दोनदा.

"काय गं, घरी पण क्लिक?"

तिने खाली पाहिलं आणि हात पदराखाली घेतला. "सवय," ती म्हणाली. पण तिचा चेहरा सवय लागलेल्या माणसाचा नव्हता.

पुढे ते वाढत गेलं. भाकरी थापताना हात मध्येच थांबायचा आणि परातीच्या काठावरून फिरायला लागायचा, काठ कुठे संपतो ते बघितल्यासारखा. कपडे वाळत घालताना दोरीवरून, दाराच्या कडीवरून, पाण्याच्या हंड्यावरून. एकदा मी शर्ट घालत होतो तर तो माझ्या बटणांवर आला. योगिताचं लक्ष दुसरीकडे होतं. ती शेजारणीशी दारातून बोलत होती. हात मात्र एकेक बटण चाचपत वर सरकला आणि माझ्या गळ्याशी, जिथे नाडी उडते तिथे, दोन बोटं टेकवून राहिला.

मी त्याला हळूच खाली केलं. हात थंड नव्हता. नेहमीसारखाच ऊबदार होता, आणि मला तेच आवडलं नाही.

"दुखतं का?" मी त्या दिवशी विचारलं.

"नाही."

"बधिर?"

"नाही हो." तिने हात उलटा करून पाहिला. "हात माझाच आहे. पण मी सांगायच्या आधी उठतो."

इथल्या डॉक्टरांनी तपासलं, नाशिकच्या डॉक्टरांनी सुया टोचून तपासलं. शिरा चांगल्या, ताकद चांगली. मनगटावर ताण आला असेल, कॉम्प्युटर कमी करा, म्हणाले. मला बरं वाटलं. ताण हा शब्द मला समजत होता.

४

दिवाळीला कार्यालय बंद झालं आणि त्याच दिवशी तिचा उजवा हात लुळा पडला. टकटक नाही, फिरणं नाही. उचलून सोडला की ओल्या फडक्यासारखा पडायचा. आम्ही पोशेऱ्याला तिच्या आईकडे गेलो.

सासूबाईंचं नाव हौशी. उन्हात वाळलेली, काटक बाई. नाचणीची कापणी होऊन खळ्यावर ढीग पडला होता, तो टाकून ती लेकीपाशी येऊन बसली. हात आपल्या मांडीवर घेऊन चोळायला लागली.

"काय झाला गं पोरी? चांगला तं होता."

तिने भगताला बोलावलं. मी अडवलं नाही. नाशिकच्या डॉक्टरांना तरी कुठे काय कळलं होतं. म्हाताऱ्याने तांदूळ टाकून पाहिले, हात हातात धरला, डोळे मिटून बसला. मग म्हणाला, "यात काय नाय." सासूबाई म्हणाल्या, "नाय म्हंजे? बाधा नाय?" तो म्हणाला, "बाधा नाय. कायच नाय," आणि उठून चालता झाला. चहालाही थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर आम्ही ओटीवर बसलो होतो. योगितापुढे सुपात नाचणी होती. एका हाताने ती खडे वेचत होती, दुसरा नाचणीवर नुसता पडलेला. माझा फोन वाजला. तुळशीदासभाऊ कार्यालयातून बोलत होते. पाहुणे आले होते आणि त्यांना जुनी माहिती दाखवायची होती.

"मशीन लावलं, हेमंत. खिडकी पण उघडली. आता पुढं?"

"खिडकीत एकदा क्लिक करा, भाऊ."

सुपातला हात उठला.

सावकाश उठला. नाचणी बोटांमधून गळत होती. हवेत थोडा थांबला, मग डावीकडे सरकला, खाली आला, पहिलं बोट सुपाच्या काठावर टेकलं. टक. टक.

"हालला!" सासूबाई ओरडली. "देवा, हालला गं! पोरीचा हात हालला!" ती रडत होती, हसत होती, दोन्ही हातांनी योगिताच्या तोंडावरून कडाकडा बोटं मोडत होती. योगिता माझ्याकडे बघत होती. माझ्या कानाला फोन होता आणि त्यातून भाऊंचा माऊस ऐकू येत होता. आधी तिकडे टक व्हायचं, मग इकडे.

"दिसलं बघ सगळं," भाऊ म्हणाले. "आता बाहेर कसं यायचं? छापायचंय."

मला सांगावंसं वाटत नव्हतं. सासूबाईंचं तोंड माझ्यासमोर होतं.

"हेमंत? ऐकतोस ना?"

"उजवीकडचं कंट्रोल दाबा," मी म्हटलं.

हात सुपात पडला. नाचणी ओटीभर उडाली.

५

जव्हारला परत आल्यावर मी कार्यालयातून त्या मशीनची नक्कल घेऊन आलो आणि घरच्या लॅपटॉपवर बसवली. योगायोग असेल तर तो एकदाच होईल, असं मी स्वतःला सांगत होतो. मी खूपदा करून पाहिलं. बायको समोर पाटावर बसलेली, मी क्लिक करतोय, कळ दाबतोय, आणि तिचा हात उठतोय, पडतोय. शेवटी तीच म्हणाली, "पुरे आता. कळलं ना?"

कळलं असं काय होतं? मी माऊस डावीकडे नेला की हात डावीकडे जाई, पण लगेच नाही.

"तुम्ही हलवत नाही," योगिता म्हणाली. "तुम्ही हलवलं की कुणी तरी ते बघतं. मग माझा हात हलवतं."

तोवर डावा हातही तसाच झाला होता.

सांगायला लाज वाटते, पण त्यानंतर आमचे थोडे दिवस बरे गेले. सकाळी मी आतली सुरू करायचो, खिडकीत क्लिक करून ठेवायचो आणि माऊसला हात लावायचो नाही. तिचे हात जिवंत व्हायचे. ती "उठा, पीठ घ्या" असं मनात म्हणायची आणि बहुतेक वेळा ते ऐकायचे. वीज गेली तर पंचाईत नको म्हणून मी दुकानातली मोठी बॅटरी घरी आणली. लॅपटॉप चुलीपासून लांब, फळीवर, देवाच्या शेजारी ठेवला. तिने स्वतःची वेणी घातली त्या दिवशी आम्ही दोघं हसलो.

पण भाकरी वेगळी होत होती. काठाला जाड, मध्ये पातळ, आणि तिच्या भाकरीपेक्षा मोठी. ती तव्याकडे बघून म्हणाली, "ही माझी नाही." मी म्हटलं, भाकरी ती भाकरी. खाल्ली. चांगली होती. कुणी तरी वर्षानुवर्षं अशीच करत आलं असावं इतकी सराईत.

मग तो रविवार. दुकान बंद होतं. दुपारी मी बाहेरच्या खोलीत पडलो होतो. रस्त्यावरून शिरपामाळला जाणाऱ्या गाड्यांचे हॉर्न येत होते. आतून काहीच आवाज येत नव्हता, म्हणून मी उठून पाहिलं.

योगिता चुलीपाशी भिंतीला टेकून बसली होती. तिचे दोन्ही हात तिच्या तोंडावर होते. रडताना घेतात तसे नव्हते. ते तिचा चेहरा चाचपत होते. हनुवटीवरून वर, ओठांच्या कडेने, नाकपुड्यांवरून. घाई नव्हती. एक बोट ओठांच्या आत गेलं, दातांवरून फिरलं, बाहेर आलं. मग दोन्ही अंगठे तिच्या पापण्यांवर आले आणि पापण्या किती उघडतात ते बघायला लागले.

तिने ओरडावं तरी कसं? तोंडाशी हात होते. त्या ताणून उघडलेल्या डोळ्यांनी ती माझ्याकडे बघत होती.

मी फळीकडे धावलो आणि कळ दाबली. हात मांडीत पडले. तिने ओकारी काढली, पण काही आलं नाही.

६

"काढून टाका ते," ती म्हणाली. मी तिच्या तोंडावरून पाणी फिरवत होतो.

"बंद केलंय."

"बंद नको. काढून टाका. इथलं पण, कार्यालयातलं पण."

"योगिता, मग हात..."

"माहीत आहे."

"थोडं थांबू. मुंबईला दाखवू. मी दुसरं काही करून बघतो, माऊस वेगळा जोडतो, म्हणजे कदाचित..."

"अहो," ती म्हणाली. ती कधी आवाज चढवायची नाही, तेव्हाही नाही चढवला. "हात मेले तर मी रडेन. आई मेल्यासारखी रडेन, मग गप्प होईन. पण हे जिवंत आहेत आणि माझे नाहीत. कुणी तरी मला बघत होतं. तुम्ही मला पहिल्यांदा बघितलं होतं ना, लग्नाआधी, तसं नाही. बाजारात कोंबडी बघतात, तसं."

तुळशीदासभाऊंना मी काय सांगितलं ते आता आठवत नाही. त्यांनी योगिताच्या खांद्यांपासून लोंबणारे हात पाहिले आणि मला पुढे बोलू दिलं नाही. "बियाणं मडक्यात आहे," ते म्हणाले. "कॉम्प्युटरात काय उगवतंय? टाक काढून."

कार्यालयातलं आधी काढलं, मग घरचं. काढताना मशीन विचारतं, नक्की का, परत मिळणार नाही. मी योगिताकडे पाहिलं. तिने मान हलवली. मी तिचा उजवा हात हातात घेऊन बसलो होतो. मला वाटलं होतं शेवटी काही तरी जाणवेल, एखादा झटका, पकड. काही नाही. पडद्यावरची ओळ नाहीशी झाली आणि हात होता तसाच राहिला.

ती रडली. म्हणाली होती तशी. आणि म्हणाली होती तशी गप्पही झाली.

७

नंतरचं आयुष्य लहान होतं. सासूबाई येऊन राहिल्या, मग शेतीची कामं निघाली तशा परत गेल्या. सकाळी मी योगिताला आंघोळ घालायचो, साडी नेसवायला जमेना म्हणून गाऊन, वेणी घालायला शिकलो. ती वाकडी व्हायची. दुपारी दुकान बंद करून यायचो, भरवायचो, परत जायचो. भरवताना ती माझ्याकडे बघायची नाही. घास घ्यायची आणि खिडकीकडे बघत चावायची. मी घाईत असायचो. कधी घास मोठा व्हायचा, कधी आमटी हनुवटीवरून खाली ओघळायची. ती दिवसेंदिवस वाळत चालली होती.

एका दुपारी गिऱ्हाईक उठेना. मला यायला फार उशीर झाला. कुलूप काढून आत गेलो, ताट वाढायला घेतलं, तर ती म्हणाली, "आता कुठे जागा आहे पोटात?"

"म्हणजे?"

"मघाशी तर भरवून गेलात." ती हसली. कितीतरी दिवसांनी. "आज किती शांतपणे भरवलंत. बोलला नाहीत काहीच. मी डोळे मिटूनच होते, झोप होती डोळ्यांवर."

मी ताट धरून उभा होतो. भांडं उघडून पाहिलं. भात कमी झाला होता. ओठांच्या कडेला शीतसुद्धा नव्हतं, पुसून घेतलं होतं. तिला कडी लावता येत नाही म्हणून दाराला बाहेरून कुलूप होतं आणि त्याची किल्ली एकच, माझ्या खिशात. ती उठली तरी कोपऱ्यातलं भाताचं भांडं तिला उघडता येणार नव्हतं, हातच नव्हते तिला.

माझ्या तोंडाकडे बघता बघता तिचं हसू गेलं. मला वाटलं आता ती ओरडेल. ती ओरडली नाही. खिडकीकडे बघत राहिली, आणि मी बाहेर जाऊन उगाच मोरी धुतली.

मी कारणं शोधली. ती स्वतः भांड्यात तोंड घालून जेवली असेल आणि मनाने काही तरी रचलं असेल. माणूस एकटं पडलं की असं होतं. तसं मी तिला विचारलंही असतं, पण तिची वेणी सोडून पुन्हा नीट घातलेली होती, आणि ती मी घातलेली नव्हती.

पुढच्या दिवसांत तिच्या गालांवर मांस आलं. मी दुपारी यायचो तोवर ती जेवलेली असायची. मी विचारायचो नाही. शेवटी तीच म्हणाली, "दुपारचे येत जाऊ नका. धावपळ होते तुमची."

"योगिता, कोण येतं?"

तिने पाय जवळ ओढून घेतले.

"मागून येतं," ती म्हणाली. "मला मान वळवता येत नाही असं नाही. मी वळवत नाही."

"तूच म्हणालीस ना, कोंबडी बघावी तसं बघतं म्हणून? तूच काढायला लावलंस ना?"

"हो," ती म्हणाली. "तेव्हा त्याला माहीत नव्हतं. आता माझं सगळं माहीत आहे त्याला. कुठे खाजतं, आंघोळीला किती गरम पाणी लागतं. मला सांगावं लागत नाही." मग अगदी हळू, मला लागू नये म्हणून, "तुम्हाला सांगावं लागतं."

८

तरी मी गेलो. नवरा आहे, जाणारच. थंडी सुरू झाली होती. दुपार असूनही गल्लीत ऊन पातळ होतं आणि शेजारची दारं लावलेली होती. मी कुलपाला हात लावला नाही. घराला वळसा घालून मोरीच्या बाजूला गेलो. तिथल्या खिडकीतून आतल्या खोलीचा एक तुकडा दिसतो. चूल, पाट आणि मधल्या दाराची चौकट.

योगिता पाटावर बसली होती, माझ्याकडे तोंड करून. डोळे मिटलेले. दोन्ही हात मांडीत पडलेले, तळवे वर, सकाळी मी ठेवून गेलो होतो तसे.

तिचे केस विंचरले जात होते.

ज्यांनी फणी धरली होती ते हात चौकटीच्या आडून येत होते. मनगटापर्यंत दिसत होते, पुढे भिंत. एका हाताने केस मुळाशी धरले होते, ओढ लागू नये म्हणून, आणि दुसरा फणी खाली नेत होता, सावकाश, गुंता आला की थांबत, बोटाने सोडवत. अंगठ्याखाली तव्याच्या चटक्याचा डाग होता. योगिताच्या उजव्या हाताला आहे तसा. मी मांडीतल्या हाताकडे पाहिलं. डाग तिथेही होता.

मी ओरडणार होतो. काचेवर मूठ आपटायला मी हात उचललाही होता.

तेव्हा योगिताने मान मागे टाकली, त्या हातांच्या ओंजळीत. तिचा चेहरा मला पूर्ण दिसला. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, मी तिला हसताना पाहिलंय, झोपेत पाहिलंय, पण असा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. कसलीच वाट न बघणाऱ्या माणसाचा चेहरा.

विंचरणं थांबलं. हात स्थिर झाले. चौकटीच्या मागे कुणी तरी कान दिला असावा, कारण माझा श्वास काचेवर वाजत होता.

मी हात खाली घेतला. आल्या वाटेने, पाय न वाजवता, परत फिरलो आणि डेपोत जाऊन बाकावर बसलो. मोखाड्याची गाडी लागली, भरली, गेली. दुसरी लागली. माझी घरी जायची वेळ झाली तेव्हा उठलो, कुलूप काढलं, आत जाण्याआधी कडी मुद्दाम मोठ्याने वाजवली आणि थोडा वेळ उंबऱ्यावरच थांबलो.

आत काही तरी हलल्यासारखं झालं, मग शांत झालं.

"जेवलीस?" मी विचारलं.

"जेवले," ती म्हणाली.